जवसाच्या तेलाची फरशी, सुताराची पटाशी अन् उपाशी बंगाल : ठसे कोरणाऱ्या चित्तप्रसाद यांची गोष्ट

यवतमाळ : जवस म्हटलं की आपल्याकडे आधी चटणी आठवते. रब्बीत हरभऱ्याच्या कडेने निळ्या फुलांचं तास दिसलं की ओळखायचं, जवस आहे. आता पेरा कमी झाला ती गोष्ट वेगळी. पण याच जवसाच्या तेलापासून 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये घरात अंथरायची एक फरशी तयार झाली. तिचं नाव लिनोलियम. जवसाचं तेल हवेत ठेवून घट्ट करायचं, त्यात बुचाच्या झाडाच्या सालीचा भुसा अन् राळ मिसळायची आणि तो थर तागाच्या बारदानावर पसरून दाबायचा. जुन्या सरकारी कचेऱ्यांत, दवाखान्यांत ही तपकिरी, मऊसर फरशी अनेकांनी पाहिली असेल.

पायाखाली घालायच्या या वस्तूवर चित्तप्रसाद भट्टाचार्य नावाच्या बंगाली माणसाने मुंबईत बसून चित्रं कोरली. चित्रात राजे-राण्या नव्हत्या. उपाशी माणसं होती, जमीन गेलेले शेतकरी होते, रस्त्यावर राबणारी पोरं होती. भारतात ठसाचित्रं करणाऱ्यांची नावं काढली तर त्यांचं नाव पहिल्या काही नावांत येतं. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र ते सहसा सापडत नाही.

ठसाचित्र म्हणजे काय?

हे कळायला आर्ट स्कूलमध्ये जावं लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रत्येकाने कधी ना कधी भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून कागदावर उमटवली आहे. पोळ्याला बैलाच्या पाठीवर रंगाचे ठसे मारतात. ग्रामपंचायतीत दाखल्यावर सचिवाचा शिक्का बसतो. कापडावर लाकडी ठशांनी नक्षी छापायचं काम रंगारी-भावसार लोकांनी पिढ्यान्पिढ्या केलं. या सगळ्यात युक्ती एकच आहे. जो भाग उंच राहतो त्याला रंग लागतो, जो भाग खोल जातो तो कोरा राहतो.

लिनोकटमध्ये हेच करतात. लिनोलियमच्या तुकड्यावर आधी चित्र काढायचं. मग सुताराच्या पटाशीसारख्या पण बोटभर लहान, गोल आणि टोकदार धारीच्या हत्यारांनी नको तो भाग कोरून काढायचा. उरलेल्या उंच भागावर रुळाने छपाईची काळी शाई फिरवायची. ही शाईसुद्धा बहुतेक वेळा उकळलेल्या जवसाच्या तेलातच घोटलेली असते, म्हणजे खाली जवस अन् वरही जवस. मग कागद ठेवून दाबायचा. यंत्र असेल तर यंत्राने, नसेल तर चमच्याच्या पाठीने घासून. कागद उचलला की चित्र हजर.

यात दोन गोष्टी अवघड असतात. एक म्हणजे सगळं उलटं छापलं जातं. डावा हात उजवा होतो, अक्षरं उलटी येतात. शिक्क्यावर नाव उलटं कोरलेलं असतं ते याचसाठी. दुसरी गोष्ट जास्त कठीण आहे. कागदावर पेन्सिलीने काढताना आपण काळं वाढवत जातो, इथे मात्र काळ्यातून पांढरं काढावं लागतं. एकदा जास्त कोरलं गेलं की ते भरून येत नाही. रबराने खोडायची सोय नाही. त्यामुळे ज्याचा हात पक्का आणि डोक्यात चित्र स्वच्छ, त्याचंच काम इथे दिसतं.

लाकडावर कोरलं तर त्याला वुडकट म्हणतात. लाकडाला रेषा असतात, पटाशी रेषेच्या विरुद्ध गेली की फाट्या निघतात. लिनोलियमला रेषा नाही, चाकू कुठेही वळतो. शिवाय ते स्वस्त. ज्याच्या खिशात पैसे नव्हते त्याने लिनोलियम का धरलं, याचं उत्तर इथेच आहे.

आडनाव टाकून दिलेला माणूस

चित्तप्रसाद यांचा जन्म 1915 चा, बंगालमधल्या नैहाटीचा. वडील सरकारी नोकरीत होते. शिक्षण चितगावला झालं. हे गाव आता बांगलादेशात आहे. चित्रकलेचं शिक्षण त्यांनी कुठल्या कला महाविद्यालयात घेतलं नाही. हात आपला आपणच तयार केला. 1930 च्या दशकाच्या शेवटी ते शेतकऱ्यांच्या चळवळीत ओढले गेले, कम्युनिस्ट पक्षासाठी पोस्टर रंगवू लागले. जात सांगणारं ब्राह्मणी आडनाव त्यांनी सोडून दिलं. चित्राखाली सही फक्त चित्तप्रसाद.

चितगावच्या भागातच त्यांच्या हाताखाली एक तरुण चित्रं काढायला शिकला. त्याचं नाव सोमनाथ होर. पुढे तोही देशातला मोठा ठसाचित्रकार झाला. उपाशी माणसांसमोर बसून चित्र काढायला त्याला चित्तप्रसाद यांनीच लावलं.

1943 : भात होता, पण परवडत नव्हता

बंगालचा 1943 चा दुष्काळ आपल्याकडच्या दुष्काळासारखा नुसता पाऊस न आल्याने पडलेला नव्हता. दुसरं महायुद्ध सुरू होतं. ब्रह्मदेश जपानने घेतला, तिकडून येणारा तांदूळ थांबला. जपानी सैन्याच्या हाती लागू नये म्हणून इंग्रज सरकारने किनाऱ्याकडचा तांदूळ उचलला, लोकांच्या होड्या काढून घेतल्या किंवा मोडल्या. ऑक्टोबर 1942 मध्ये मेदिनीपूर जिल्ह्यावर मोठं चक्रीवादळ आलं. व्यापाऱ्यांनी साठे केले आणि भाव मजुराच्या हाताबाहेर गेले. गोदामात तांदूळ अन् रस्त्यावर प्रेतं असं दृश्य होतं. किती माणसं गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण बहुतेक अभ्यासक 20 ते 30 लाखांच्या आसपासचे आकडे देतात.

आणि सरकारने दुष्काळ कायद्याप्रमाणे जाहीरच केला नाही. दुष्काळ जाहीर होणं म्हणजे काय, हे यवतमाळच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पैसेवारी 50 च्या वर दाखवली की नुकसान झालेलं असूनही कागदावर झालेलं नसतं. बंगालमध्ये कागदावर दुष्काळ नव्हता, पण सकाळी कोलकात्याच्या फुटपाथवरून प्रेतं उचलली जात होती.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात फिरले. हातात वही, पेन आणि शाई. जे दिसलं ते काढलं आणि लिहिलंही. नुसता 'भुकेला माणूस' असं न काढता माणसाचं नाव, गाव, घरात कोण होतं, कोण मेलं, जमीन कोणाकडे गेली, याच्या नोंदी ते ठेवत गेले. आजच्या भाषेत बोलायचं तर हे एका पत्रकाराचं ग्राउंड रिपोर्टिंग होतं, फक्त कॅमेऱ्याच्या जागी पेन. सुनील जाना हे छायाचित्रकार त्याच काळात कॅमेरा घेऊन बंगालमध्ये फिरत होते. त्या दोघांची चित्रं आणि फोटो पक्षाच्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकातून देशभर गेले. या साप्ताहिकाची मराठी आवृत्ती 'लोकयुद्ध' नावाने निघायची.

मेदिनीपूरच्या त्या फेरीची चित्रं आणि मजकूर 'हंग्री बेंगॉल' नावाच्या लहान पुस्तकात छापला गेला. 5000 प्रती निघाल्या. इंग्रज सरकारने त्या जप्त करून नष्ट केल्या. एका पुस्तिकेला एवढं घाबरायचं कारण काय असावं? दुष्काळाचा आकडा नाकारता येतो. नाव-गावासकट काढलेला चेहरा नाकारणं अवघड जातं. घरच्यांनी जपून ठेवलेली एक प्रत वाचली आणि तिच्यावरून 2011 मध्ये हे पुस्तक जसंच्या तसं पुन्हा छापलं गेलं.

मुंबईत : कापसाच्या शहरात

1940 च्या दशकाच्या मधोमध चित्तप्रसाद मुंबईला आले. 1946 पासून शेवटच्या काही महिन्यांपर्यंत, म्हणजे तीस-बत्तीस वर्षं, ते मुंबईकरच होते. त्यांना बंगालचे चित्रकार म्हणतात ते खरं आहे, पण त्यांचं ठसाचित्रांचं बहुतेक काम महाराष्ट्राच्या मातीवर झालं, हेही तितकंच खरं.

तेव्हाची मुंबई म्हणजे गिरण्यांचे भोंगे. आपल्या वऱ्हाडातला कापूस शकुंतलेने मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीने मुंबईला जायचा. त्या शहरात संप, मोर्चे रोजचे होते. फेब्रुवारी 1946 मध्ये नौदलाच्या खलाशांनी बंड केलं, कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर आले, गोळीबार झाला. चित्तप्रसाद यांनी त्यावर पोस्टर केलं. पैनगंगेच्या पलीकडे निजामाच्या राज्यात तेलंगणातले शेतकरी जमीनदारांविरुद्ध उठले होते. त्यावरही त्यांनी चित्रं केली.

मुंबईत तेव्हा इप्टा नावाची नाटक-गाण्यांची संस्था जोरात होती. 1943 मध्ये ती सुरू झाली. त्याच हवेत लालबावटा कलापथकातून अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर ही मंडळी डफावर थाप मारत होती. इप्टाचं चिन्ह, नगारा बडवणारा माणूस, हे चित्तप्रसाद यांनी काढलेलं आहे. संस्था आजही तेच चिन्ह वापरते.

1948-49 च्या सुमारास पक्षाची दिशा बदलली आणि चित्तप्रसाद पक्षापासून दूर झाले. महिन्याच्या मानधनाची सोय गेली. अंधेरीत एका खोलीत ते एकटे राहायचे. लग्न केलं नाही. आणि इथून पुढे त्यांचं लिनोकटचं खरं काम बहरलं.

वर्तमानपत्राला लिनोकट का सोयीचा?

ऑफसेट यायच्या आधी तालुक्याच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका कशी छापायची, ते साठीतल्या लोकांना आठवत असेल. शिशाचे खिळे एक-एक जुळवायचे, वर कोपऱ्यात गणपतीचा ब्लॉक बसवायचा, चौकटीत आवळायचं आणि ट्रेडल मशीन पायाने मारायचं. गणपतीचा ब्लॉक मुंबई-नागपूरहून तयार आणलेला असायचा. पण नवं चित्र हवं असेल तर जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. त्याला पैसे लागत अन् दिवसही जात.

लिनोलियमचा तुकडा लाकडी ठोकळ्यावर चिकटवला आणि त्याची उंची खिळ्यांएवढी केली की तो थेट खिळ्यांच्या शेजारी बसतो. मजकूर आणि चित्र एका दमात छापलं जातं. रात्री गोळीबार झाला, पहाटेपर्यंत चित्र कोरलं, सकाळी पत्रक बाहेर. चीनमध्ये लू शुन या लेखकाने 1931 मध्ये शांघायला तरुण चित्रकारांसाठी लाकडी ठसे कोरायचा वर्ग भरवला होता, तोही याच हिशेबाने. ज्या चळवळीकडे पैसा नाही पण लोक आहेत, तिला पटाशी आणि शाई पुरते.

दुसरा फायदा पाहणाऱ्याचा. तेलरंगाचं चित्र एकच असतं आणि ते ज्याच्याकडे पैसा त्याच्या भिंतीवर जातं. ठशाच्या शंभर प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत खरीच असते, नक्कल नसते. राजा रविवर्मा यांनी 1890 च्या दशकात मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला, तेव्हा लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं अशीच घराघरात पोहोचली. फरक इतकाच की तिथे दगडावरून अनेक रंगांची छपाई होती आणि समोर देव होते. चित्तप्रसाद यांच्याकडे एकच काळा रंग होता आणि समोर माणसं.

त्या काळ्या रंगाचं काम बघण्यासारखं आहे. जाड, ठसठशीत रेषा. लांबून ओळखू येणारे हात-पाय. कष्टाने मोठे झालेले पंजे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चित्र कळावं, असाच त्यांचा कल दिसतो. तरी ती चित्रं भडक नाहीत. नाचणारी माणसं आहेत, आई-मूल आहे, पीक कापणारी जोडपी आहेत. फक्त दुःख काढणारा चित्रकार अशी त्यांची ओळख करून देतात, ती अर्धीच आहे.

परीकथा नसलेली पोरं

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी लहान मुलांवर लिनोकटची एक मालिका केली. इंग्रजीत तिचं नाव 'एंजल्स विदाउट फेअरी टेल्स'. मराठीत सांगायचं तर ज्यांच्या वाट्याला परीची गोष्ट आली नाही अशी देवाघरची लेकरं. मुंबईच्या रस्त्यावर काम करणारी, उघड्यावर झोपणारी, भावंडं सांभाळणारी मुलं त्यात आहेत. बालमजुरी हा शब्द वर्तमानपत्रात नेहमीचा व्हायच्या कितीतरी आधी हे काम झालं. 1969 मध्ये युनिसेफच्या डेन्मार्कमधल्या समितीने ती मालिका पुस्तकरूपाने काढली. अंधेरीच्या खोलीतली चित्रं कोपनहेगनला छापली गेली. मराठीत, हिंदीत ती सहज हाताला लागत नाहीत, ही खंत आहे.

मुलांसाठी त्यांनी गोष्टींची चित्रंही भरपूर केली. बंगाली लोककथा, रामायणातले प्रसंग. पुस्तकातल्या चित्राबद्दल आपल्याकडे एक समज आहे की चित्र म्हणजे पान भरायला. चित्तप्रसाद यांच्या चित्रात गोष्ट स्वतः पुढे सरकते. झाडाची पानं, वाघाचे पट्टे, साडीचे काठ हे सगळं पटाशीच्या छोट्या-छोट्या मारांनी उभं केलेलं असतं. हात किती वेळ चालला असेल याचा अंदाज मोजत बसलं की येतो.

बाहुल्यांचा खेळ हा त्यांचा दुसरा नाद. चेक देशातल्या मित्रांमुळे त्यात रस वाढला आणि त्यांनी 'खेलाघर' नावाने बाहुल्यांचे खेळ सुरू केले. बाहुल्या घडवणं, कपडे शिवणं, गोष्ट लिहिणं सगळं हाताने. प्रेक्षक म्हणजे आसपासच्या वस्तीतली पोरं. त्याच चेक मित्रांमुळे त्यांची बरीच चित्रं प्राग शहरात पोहोचली आणि तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. 1972 मध्ये चेक दिग्दर्शक पावेल होब्ल यांनी त्यांच्यावर माहितीपट केला.

26 गुंठ्यांची गोष्ट

चित्तप्रसाद यांचं नाव ज्यांनी ऐकलं नाही त्यांनीही एक सिनेमा बहुतेक ऐकला असेल. बिमल रॉय यांचा 1953 चा 'दो बीघा जमीन'. त्याच्या जाहिरातीसाठी चित्तप्रसाद यांनी लिनोकट केला होता.

बंगालचा बिघा म्हणजे एकराचा साधारण तिसरा भाग. दोन बिघे म्हणजे सुमारे 26 गुंठे. बलराज साहनी यांनी केलेला शंभू महतो एवढ्या जमिनीचा मालक. जमीनदाराला तिथे गिरणी काढणाऱ्यांना जागा द्यायची असते. शंभूच्या हिशेबाने कर्ज 65 रुपये, घरातलं किडूक-मिडूक विकून तो ते घेऊन जातो. जमीनदाराच्या वहीत निघतात 235. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देतं आणि शंभू पोराला घेऊन कोलकात्याला रिक्षा ओढायला जातो. शेवटी जमीन जाते. कुंपणाबाहेरून मूठभर माती उचलायला तो वाकतो, तर पहारेकरी तीही टाकायला लावतो.

सावकाराच्या वहीतला आकडा आणि आपल्या डोक्यातला आकडा वेगळा निघणं, हे यवतमाळच्या कुठल्याही गावात समजावून सांगावं लागणार नाही. दुष्काळात जमिनी कशा हातातून जातात हे चित्तप्रसाद यांनी दहा वर्षांपूर्वी मेदिनीपूरमध्ये गावोगाव लिहून घेतलं होतं. त्या सिनेमासाठी त्यांचा हात निवडला गेला, यात नवल नाही.

शेवटची वर्षं

पैसा त्यांना कधी मिळाला नाही. चित्र विकण्यात रस नव्हता आणि विकत घेणारेही फार नव्हते. तब्येत खालावली. 1978 मध्ये कोलकात्यात त्यांचं निधन झालं. मोठी प्रदर्शनं, जाड ग्रंथ, लिलावात मिळणाऱ्या किमती हे सगळं नंतर आलं. ज्या ठशांचा हेतूच स्वस्तात पुष्कळांपर्यंत जाण्याचा होता, ते आता काचेमागे टांगलेले असतात.

शाळेत करून पाहायचं असेल तर

एलिमेंटरी, इंटरमिजिएटची तयारी करणाऱ्या मुलांना हा प्रकार नक्की आवडेल. लिनोलियम मोठ्या शहरांत चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं. मिळालं नाही तर सुरुवात बटाट्यावर, खोडरबरावर किंवा जुन्या स्लिपरच्या सपाट तळव्यावर होते. लिनोलियम कडक वाटलं तर थोडा वेळ उन्हात ठेवावं, मऊ होतं. त्याबाबतीत विदर्भात अडचण नाही.

हत्यार नेहमी आपल्यापासून लांबच्या दिशेने चालवायचं आणि दुसरा हात धारेच्या मागे ठेवायचा. जखमा बहुतेक इथेच होतात, त्यामुळे गुरुजी शेजारी असलेले बरे. शाई पातळ नको, नाहीतर कोरलेल्या खाचा भरून जातात. पहिल्या दोन-तीन प्रती फिक्या येतात, त्या फेकू नयेत, कुठे कमी कोरलं ते त्यातच कळतं. प्रती काढल्या की खाली पेन्सिलीने आकडा घालायची रीत आहे. 3/25 म्हणजे पंचवीसपैकी तिसरी प्रत.

चित्रात नाव घालायचं असेल तर ते उलटं कोरायचं. आधी पातळ कागदावर सुलटं लिहून कागद पालथा घालावा आणि मागून दिसतं तसं गिरवावं. पहिल्या वेळी हे सगळेच विसरतात.